त्रुटीताईंचा अर्ज

परवाना विभागाच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना सगळे त्रुटीताई म्हणायचे. तोंडावर नाही हं. तोंडावर म्हणायची कोणाची टाप होती? दुकानाचा परवाना असो, टपरीचा असो, अर्ज काचेखालच्या फटीतून आत सरकला की ताईंचं लाल पेन सुरू. मान वर नाही, तोंडातून शब्द नाही. ‘जोडपत्र अपुरे.’ ‘सहीखाली तारीख नाही.’ ‘जागेच्या वापराचा उद्देश स्पष्ट होत नाही.’ आणि अर्ज आला त्याच फटीतून बाहेर! माणसं खेटे घालून घालून मेटाकुटीला यायची. ताई लबाड नव्हत्या, ओळखीपाळखीला भीक घालायच्या नाहीत, वेळेच्या पक्क्या. पण खडूस म्हणजे किती खडूस असावं माणसानं!

तर अशा या ताईंच्या मनानं घेतलं, की आपण शिकायचं. विद्यापीठात सार्वजनिक व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. पूर्णवेळ, दोन वर्षांचा. नोकरीतल्या लोकांसाठी थोड्या जागा, पगारी रजा, अट एवढीच की वय चाळीसच्या आत हवं. ताईंची चाळिशी दारात येऊन उभी होती. यंदा नाही तर कधीच नाही.

“इतकी वर्षं दुसऱ्यांनी केलेले नियम मी लोकांच्या तोंडावर मारतेय,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “ते कोण करतं, कसं करतं आणि इतके वेडेवाकडे का करतं, ते मला बघायचंय हो. जमलं तर एखादा धड नियम मलाही करायचाय. फार वाटतंय मला.”

नवरा शहर बसवर ड्रायव्हर. दिवसभर हॉर्न ऐकून त्याला घरात कमी बोललेलं आवडायचं. तो म्हणाला, “कर की.”

सासूबाईंना मात्र शंका होती. “पूर्णवेळ म्हणजे किती वाजेपर्यंत गं?”

“पाचपर्यंत, आई.”

“आणि आत्ता घरी किती वाजता येतेस?”

“सातला.”

“मग विचारतेस काय? उद्याच जा!”

घरचं असं चुटकीसरशी मिटलं. ऑफिसात काही अडेल म्हणून ताई कंबर कसून गेल्या, तर तिथं वेगळाच चमत्कार. मोठ्या साहेबांनी शिफारसपत्र मागितल्या मागितल्या दिलं, आणि तेही असं की वाचून ताईंनाच वाटावं, ही बाई कोण बुवा एवढी थोर! शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टबाईंनी निबंध टाइप करून दिला. शिपाईमामा तर जन्मात कधी वेळेवर फाइल न हलवणारा प्राणी, तो रोज सकाळी येऊन विचारायचा, “ताई, झाला का अर्ज? मी स्वतः नेऊन देतो. पोस्टाचा काय भरवसा!”

ताई भोळ्या असतील, पण खुळ्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी जिन्यात त्यांना कळलं. वरच्या वळणावर टायपिस्टबाई मामाला सांगत होत्या, “दोन वर्षं, मामा! दोन वर्षं सुखाचा श्वास!” ताई खालच्या वळणावर तशाच उभ्या राहिल्या. वाईट वाटलं त्यांना. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगा. मग त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि मनाशी म्हणाल्या, असू दे. ढकलताय तर ढकला, मला जायचंच आहे.

शेवटच्या तारखेला निबंधाची शेवटची प्रत हातात आली. ताईंनी ती अर्जाला जोडली, पूर्ण अर्ज टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवला आणि डबा खायला गेल्या. परत आल्या तेव्हा खिडकीबाहेर ही रांग. ताईंनी पेन उचललं आणि ट्रेमधला गठ्ठा पुढं ओढला. एक अर्ज, दुसरा, तिसरा. हात चालू, डोळे चालू, डोकं आपलं घरी गॅस बंद केला की नाही त्याच्या विचारात. मध्येच एका अर्जावर त्यांनी लिहिलं, ‘कामात बदल घडवल्याचा पुरावा जोडलेला नाही. लोकांची सेवा म्हणजे नेमके काय, याचा बोध होत नाही. पूर्ततेसाठी परत.’ खाली झोकदार सही ठोकली आणि तो बाजूला टाकला.

शिपाईमामा टपलेलाच होता. वरच्या पानावर ताईंचा फोटो दिसला तसा त्यानं अर्ज उचलला, पाकिटात घातला, आणि बाईंचं मन फिरायच्या आत बस पकडून विद्यापीठात देऊनही आला. पोच आणून टेबलावर ठेवली तेव्हा छाती अशी फुगलेली, जणू गड जिंकून आलाय.

ताईंनी ट्रे पाहिला, पोच पाहिली, आणि मग आपल्या हातातलं लाल पेन पाहिलं.

“मामा, अर्ज कुठल्या गठ्ठ्यातून घेतलात?”

“परतीच्या. का हो?”

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. विद्यापीठाची मुदत आजच संपलेली, दुसरा अर्ज करायची सोय नाही. त्यांनी घरी कोणालाच काही सांगितलं नाही. सासूबाई शेजारणीला “आमची सून कॉलेजात चाललीय” म्हणून सांगत सुटल्या होत्या, आणि ते ऐकून ताईंना घास गिळवेना.

तरीही मुलाखतीचं बोलावणं आलं. का आलं ते देव जाणे! ताई गेल्या. लांबट खोली, मोठं टेबल, पलीकडे तिघं. डावीकडचे गृहस्थ चष्मा पुसत होते, उजवीकडचे हसू दाबत होते, आणि मधल्या प्राध्यापकबाईंच्या समोर ताईंचा अर्ज, लाल शेऱ्यांसकट.

“हे शेरे कोणाचे?” मधल्या बाईंनी विचारलं. “आमच्याकडे तर कोणी लाल पेन वापरत नाही.”

“माझे,” ताई म्हणाल्या.

“स्वतःच्याच अर्जावर?”

मग काय करता! ताईंनी ट्रे, डबा, रांग, गॅस आणि शिपाईमामा, सगळं सांगितलं. उजवीकडचे गृहस्थ रुमाल तोंडाला लावून खिडकीकडे वळले.

“बरं,” मधल्या बाई म्हणाल्या, “पण शेरे बरोबर आहेत का?”

“अगदी बरोबर आहेत!” ताई ताडकन बोलून गेल्या आणि मग जीभ चावली.

“मग तुमच्या नियमानं अर्ज परत करू या?”

बाई चेष्टा करत होत्या की खरंच विचारत होत्या, ताईंना कळेना. पण यंदा नाही तर कधीच नाही, हे डोक्यात घणघणत होतं. त्या एकदम म्हणाल्या, “नका ना करू परत! मी समोर बसलेय की. मला विचारा ना काय ते!”

हे वाक्य त्यांनी कुठं ऐकलं होतं? रोजच तर ऐकत होत्या. काचेपलीकडून. ‘मॅडम, मी समोर उभा आहे, मला विचारा की.’ आणि मान वर न करता अर्ज फटीतून बाहेर ढकलत होत्या. ताईंना अशी लाज वाटली, की कान गरम झाले.

“विचारते,” मधल्या बाई आता हसत नव्हत्या. “लोकांची सेवा म्हणजे नेमकं काय?”

“मॅडम, निबंधात लिहिलंय ते सगळं टायपिस्टबाईंच्या भाषेतलं आहे,” ताई म्हणाल्या. “खरं सांगायचं तर मी आजवर कागद तपासलेत. माणसाला कधी काही विचारलं नाही. उद्यापासून विचारीन. तुम्ही घ्या किंवा घेऊ नका.”

दुसऱ्या दिवशी खिडकीवर एक बाई आली, दोनदा परत गेलेला अर्ज घेऊन. ‘जागेच्या वापराचा उद्देश’ या रकान्यात रेघसुद्धा नव्हती. लाल पेन सवयीनं खाली टेकलं, पण ताईंनी मान वर केली.

“काय करणार आहात गाळ्यात?”

बाई दचकलीच. “मी? पंक्चर काढणार.”

“मग लिहा ना तसं.”

“लिहिता येत नाही.”

“अहो, मग हे आधीच्या खेपांना का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलंच नाहीत.”

ताईंनी तो रकाना तिच्यासमोर तिच्या शब्दांत भरला, वाचून दाखवला आणि शिक्का मारला. तेव्हापासून खिडकीवर बोलणं सुरू झालं. आधी लोकांना वाटलं, बाईंची तब्येत बरी नाही. मग रांग सरकू लागली. मग आटली. तक्रारपेटीत एक दिवस चक्क ‘आभार’ असं लिहिलेली चिठ्ठी निघाली, आणि साहेबांनी ती भिंगातून बघितल्यासारखी उलटसुलट करून पाहिली. आयुक्तांनी सगळ्यांदेखत साहेबांची पाठ थोपटली.

आणि नेमका त्याच आठवड्यात निरोप आला, ताईंची निवड झाली! घरी सासूबाईंनी सुनेला मिठीच मारली. नवरा जास्तीत जास्त बोलला, म्हणजे “वा!” म्हणाला. आता ऑफिसचा कार्यमुक्तीचा आदेश तेवढा हवा होता, साहेबांच्या सहीचा, शुक्रवारपर्यंत. तो विद्यापीठात दिला की प्रवेश पक्का. नाही दिला तर जागा पुढच्याला.

आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. आता ताईंना कोण सोडतो!

“कशाला जाता, ताई?” साहेब लोण्यासारखे मऊ. “दोन वर्षं म्हणजे फार होतात. विभाग उघड्यावर पडेल.” आदेश टेबलावर पडलेला, पेन खिशात. सोमवार गेला, मंगळवार गेला. टायपिस्टबाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, “तुम्ही गेल्यावर आम्ही कोणाकडे बघायचं हो?” शिपाईमामा, ज्यानं धावत जाऊन अर्ज दिला होता, तो म्हणाला, “माझंच चुकलं. द्यायला नव्हता पाहिजे.” ताईंना हसावं की रडावं कळेना. आपण वाईट वागत होतो तेव्हा सगळे जा जा करत होते, आणि नीट वागायला लागलो तर दारच बंद! बुधवारी त्या साहेबांना हात जोडून म्हणाल्या, “साहेब, मला खरंच जायचंय.” साहेब म्हणाले, “बघू.” सरकारी ‘बघू’चा अर्थ ताईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शुक्रवारी सकाळी खिडकीवर साहेबांचा मेहुणा उगवला. नवा समारंभाचा हॉल, त्याच्या परवान्याचा अर्ज. ताईंनी तो उघडला आणि चाटच पडल्या. सगळी जोडपत्रं, सगळ्या सह्या, सगळ्या तारखा, नकाशा रंगीत. सबंध नोकरीत असा अर्ज त्यांनी पाहिला नव्हता. शोधूनही लाल शाईला जागा नाही. पूर्वीच्या त्रुटीताई असत्या तर त्यांनी आनंदानं शिक्का मारला असता.

पण आता विचारायची खोड लागली होती. “आगबीग लागली तर माणसं मागच्या दारानं बाहेर पडणार, नाही का? ते दार कुठं उघडतं?”

मेहुणा खुशीत होता. बहिणीच्या नवऱ्याचं ऑफिस, भीती कसली? “कुठं म्हणजे, शेजारच्याच्या भिंतीवर!” तो हसला. “वीतभर उघडतं. पण नकाशात दार मागता ना तुम्ही? दार आहे!”

ताईसुद्धा हसल्या. “आहे खरं,” म्हणाल्या, आणि अर्ज ठेवून घेतला. मेहुणा जिना उतरला तशी त्यांनी त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि शिपाईमामाला हाक मारली.

दुपारी साहेबांनी बोलावलं. “ताई, आमच्या मेहुण्याचं काय झालं? अर्ज तर चोख आहे म्हणे.”

“अर्ज चोख आहे, साहेब. दार खोटं आहे. मी या खुर्चीत आहे तोवर त्याला परवाना मिळायचा नाही.”

साहेबांचा चेहरा उतरला. मग हळूच उजळला. “तोवर?”

“तोवर,” ताई म्हणाल्या आणि अगदी गरीब चेहरा करून उभ्या राहिल्या.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. आदेश पुढं ओढला, सही केली, तारीख घातली, शिक्का स्वतःच्या हातानं मारला. “शिका, शिका! बायकांनी पुढं जायलाच पाहिजे,” म्हणाले. “आत्तापासूनच मोकळ्या तुम्ही. जाताना ती फाइल तेवढी माझ्याकडे देऊन जा.”

ताईंनी आदेश घडी घालून पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली, आणि दारापर्यंत जाऊन वळल्या.

“फाइल नाहीये हो माझ्याकडे. सकाळीच अग्निशमनवाल्यांकडे पाठवली, मामांच्या हातानं. त्यांचा माणूस आत्ता हॉलवरच असेल, दार उघडून बघत.”

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. “ताई! आदेश इकडं आणा बघू!”

“का हो, साहेब? काही त्रुटी राहिली का?” ताईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता जिना गाठला. खाली रस्त्यावर त्यांच्या नवऱ्याची, विद्यापीठाकडे जाणारी बस थांब्याला लागत होती. चाळिशीला आलेली ती बाई पदर खोचून, लोक बघताहेत याची पर्वा न करता, त्या बसकडे पोरीसारखी धावत सुटली.