पोटभर खावा

क्रांतीनं रानाच्या कडेला पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या त्या एकाच हट्टापायी. नवरा जयराज फौजेतून रिटायर होऊन आला होता. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण दोघांनी सलग एक हंगाम एका घरात काढला नव्हता. त्याच्या जुन्या सुभेदारानं पुण्यात सिक्युरिटीचा धंदा काढलेला. "शिमग्यापर्यंत जागा धरून ठेवतो, तोवर सांग," म्हणाला होता. खोल्यांना पाहुणे लागले तर जयराज घरी राहणार, नाहीतर कुणाच्या तरी सोसायटीच्या फाटकावर उभा राहणार. मामला सरळ होता.

रान पाचगणीच्या खालच्या अंगाला, सगळी स्ट्रॉबेरी. पण गाड्या न थांबता वर निघून जायच्या. मग पर्यटन संघानं शिबिर लावलं. सांगलीहून आर्जव नावाचा तरुण आला, पायात पांढरे बूट घालून. तो कंटेंट शिकवायचा. कंटेंट म्हणजे काय, तर आपल्याकडं काय आहे ते बोलायचं नाही, समोरच्याला काय बघायचंय ते दाखवायचं. "खोली विकू नका, भावना विका," असं तो म्हणाला आणि रिकाम्या खोल्यांच्या मालकांनी टाळ्या वाजवल्या. क्रांतीनंही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तो रानात कॅमेरा घेऊन आला. क्रांतीनं खोल्यांच्या चादरी बदलून ठेवल्या होत्या.

"वहिनी, खोल्या नंतर बघू. मी बांधावर उभा राहतो. कोण आलं की तुम्ही काय म्हणता, तेवढंच म्हणा."

आता त्या भागात बांधावर माणूस थांबला की त्याला आत बोलवायची रीत. खाऊ दे किती खातोय ते. घरी न्यायचं असलं तर मात्र विचारून. खाणाराही चार फळं खाऊन हात पुसतो, कारण उद्या त्याच्या बांधावर आपण असतो. क्रांती जन्मभर जे बोलत आली तेच बोलली.

"आवं, बांधावर का? या की आत. पोटभर खावा, रानात आल्याला कोण पैसं मागतंय?"

"कट! लय भारी!" आर्जव म्हणाला.

"आन् खोल्या?" जयराजनं विचारलं.

"खोली दाखवली की जाहिरात वाटते हो दादा."

"मग जाहिरात न्हाई तर ही काय हाय गड्या? कीर्तन?"

क्रांतीनं नवऱ्याला डोळ्यांनी गप्प केलं. शिकलेला माणूस आहे, कळत असेल त्याला.

रील संघाच्या पेजवर सुटलं. रविवारी पहिली गाडी आली, मागनं रस्ता भरला. माणसं डबे घेऊन आली, पिशव्या घेऊन आली. गादीवाफ्यांवर उभी राहून फोटो काढले. वाफ्यांवर अंथरलेला मल्चिंगचा कागद टराटरा फाटला, ठिबकच्या नळ्या बुटाखाली गेल्या, कच्ची फळं चावून फेकली. आणि दिवस मावळायच्या आत सगळे वर मुक्कामाला गेले. खोलीचं एकानं विचारलं नाही. खोली कुणाला माहीतच नव्हती!

सरहद्दीवर बंदूक घेऊन उभा राहिलेला जयराज स्वतःच्या रानात हात बांधून उभा होता. "हाकलू काय?" त्यानं एकदाच विचारलं.

"बोलावलंय मी," क्रांती म्हणाली.

पण पुढच्या रविवारी तिचाच धीर सुटला. एक बाई टोपली भरून निघाली होती, तिला क्रांती आडवी गेली. "आवं, हितं बसून खावा की. न्यायचं न्हाई."

"रीलमध्ये तुम्हीच ना? मग आता तोंड कशाला वाकडं करताय?" बाईच्या नवऱ्यानं मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. "बघा मित्रांनो, असं फसवतात इकडं."

संध्याकाळपर्यंत लोकांनी नेटवर तिच्या खोल्या हुडकल्या आणि त्यांच्या नावापुढं एकेक स्टार पडत गेला. फ्रॉड. भिकारडी बाई. खोलीत पाऊल न टाकलेल्या माणसांनी लिहिलं, ढेकूण आहेत. शिमग्यासाठी एका कुटुंबानं विचारणा केली होती, त्यांचा नकार आला.

तिनं आर्जवला फोन लावला. "ते काढा आधी."

"संघाच्या पेजवर आहे वहिनी, माझ्या हातात नाही. आणि त्यांचं सगळ्यात जास्त चाललेलं तेच आहे. सॉरीचा एक व्हिडिओ करूया का? तोपण पळेल."

शिमग्याच्या आदल्या दिवशी जयराजनं सुभेदाराला होय म्हटलं. क्रांतीनं अडवलं नाही. अडवायला तिच्याकडं काय उरलं होतं?

पाचगणीच्या स्टँडवर तो गाडीत चढला. खिडकीतून म्हणाला, "नळ्या तेवढ्या जोडून घे." एवढंच. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. आर्जव होता.

"वहिनी, अभिनंदन! संघाच्या सांगलीच्या मेळाव्यात तुमचा सत्कार ठरलाय. यशस्वी उद्योजिका. दादांना घेऊनच या, स्टेजवर जोडी छान दिसते."

"जोडी न्हाई आता," क्रांती म्हणाली. "त्ये निघालं पुण्याला. एकटीच हाय मी."

तिला वाटलं, आता तरी लाजेल.

"एकटी?" आर्जव म्हणाला. "मग तर व्हिडिओ अजून चालेल वहिनी."

गाडी फाटकाबाहेर पडली. क्रांतीनं फोन कापला आणि नळ्या जोडायला रानाची वाट धरली.