चादरींचं पहिलं पाणी

माथेरानच्या एका लॉजच्या वीस चादरी बुधवारी दुपारी नेरळला शकूच्या ओट्यावर आल्या. शुक्रवारी सकाळी त्या धुऊन परत वर जायच्या होत्या. मागच्या खेपेला लॉजच्या मनोजने सहा चादरी माथेरानच्या मातीने लालसर राहिल्या म्हणून परत पाठवल्या होत्या. पुन्हा असं झालं तर काम कर्जतला देईन, असं त्याने फोनवर सांगितलं होतं.

चौदा वर्षं अशी तक्रार आली नव्हती. दिवाळीत शकूच्या मुलाने, नीलेशने, जुनी दोन टबांची मशीन दुकानात देऊन पाच स्टारची, पुढून दार असलेली मशीन आणली होती.

"मशीन खराब नाय, आये," नीलेश म्हणाला. कंपनीचा माणूस दोनदा येऊन तेच सांगून गेला होता. नीलेशचे ऑफिसचे शर्टही पूर्वीपेक्षा उजळ निघत होते. "वीज अर्धी लागते, पाणी अर्धं लागतं."

"पाणी अर्धं, पण माती पुरी हाय ना रं."

तिने सात चादरी आत टाकल्या. दहा मिनिटांत काचेमागचं पाणी गेरूसारखं झालं. जुन्या मशीनचं झाकण याच वेळी उघडून ती लाल पाणी सोडून द्यायची आणि नवं भरायची. इथे दार मध्येच उघडत नव्हतं. तिने साबणाच्या खणातून तीन तांबे पाणी ओतलं. मशीन थांबली आणि पडद्यावर अक्षरं लुकलुकायला लागली.

"काय म्हणते?"

"एरर."

"मला म्हणते का तुला?"

नीलेशने बटणं दाबून मशीन पुन्हा सुरू केली. अडीच तासांनी चादरी निघाल्या त्या फिकट विटकरी. पुन्हा लावल्या, तरी कडा तशाच राहिल्या.

गुरुवारी सकाळी शकू परसातल्या नळाखाली दगडावर बसली. एकेक चादर टोपात बुडवून, आपटून, पिळून तिने दोन पाण्यांतून काढली. मग मशीनमध्ये टाकली. विसावी चादर दोरीवर गेली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि तिची कंबर सरळ होत नव्हती.

शुक्रवारी मनोज स्वतः आला. ओट्यावर एक चादर उलगडून त्याने उन्हात धरली. ती पांढरी होती.

"शकूताई, मशीन घेतलीत ते बरं केलंत," तो म्हणाला. "शेजारच्या लॉजवाल्यालाही सांगतो. सोमवारपासून चाळीस धरा."

"बघ आये, मी काय म्हणत होतो?" नीलेश म्हणाला.

शकूने मनोजला हो म्हटलं. काम टिकलं होतं. चादरींचं गाठोडं टॅक्सीत गेल्यावर तिने परसातला टोप आणून नीलेशच्या पायाशी ठेवला.

"सोमवारी सुट्टी टाक," ती म्हणाली. "पहिलं पाणी तू काढायचं."