मला म्हसोबा म्हणू नका

मी हद्दीचा दगड बोलतोय. अंगावरच्या शेंदरावर जाऊ नका, मी देव नाही. नाशिकजवळ मखमलाबादच्या शिवारात, रावजी आणि कुसाबाई यांच्या शेतांमधल्या बांधावर मोजणीवाल्यांनी मला पुरलं. एका अंगाला रावजीचा मळा, दुसऱ्या अंगाला कुसाबाईची विहीर. माझं काम एकच, जागचं हलायचं नाही.

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास कुसाबाईची अडलेली गाय माझ्यापाशी सुखरूप व्याली. तेवढ्यावरून म्हातारीने मला शेंदूर फासला आणि मी म्हसोबा झालो! तिच्या रानातला पहिला झेंडू माझ्या डोक्यावर येऊ लागला. हद्दीला कोण हात जोडतंय? देव म्हटलं की सगळे वाकतात.

पुढे रावजीने ट्रॅक्टर घेतला. वळताना चाक मला घासायचं आणि कुसाबाईचा जीव वरखाली व्हायचा. "देव चाकाखाली नाय ठेवायचा," म्हणत तिने मला उपटवलं आणि विहिरीच्याही पलीकडे, स्वतःच्या रानात आत जांभळीखाली बसवलं. मला उचलायला रावजीच होता. "लय बरं केलं काकू," एवढंच तो म्हणाला. मी कळवळून ओरडलो, पण दगडाचं कोण ऐकतो?

त्यानंतर तिची सून लंकाबाई घरात आली. तिने मला जांभळीखालीच पाहिलं. सासू गेली, नवरा गेला. बांध रावजीच्या नांगराने कधीच खाल्ला. माझे सोबती, हद्दीचे बाकीचे दगडही रस्त्याच्या भरावाखाली गेले. आता शहर इथवर आलंय आणि रावजीला प्लॉट पाडायचेत. उद्या मोजणी आहे.

काल मोजणीचे साहेब जागा बघायला आले. रावजीने माझ्याकडे बोट केलं. "साहेब, हाच हद्दीचा दगड. देव हाय, हलंल का?" साहेबांनी बूट काढून मला हात जोडले. लंकाबाईही भाबडेपणाने म्हणाली, "म्हसोबा हितंच हाय, मी आल्यापासून."

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. उद्या माझ्यापासून रेघ धरली तर विहीर रावजीकडे जाईल. मग लंकाबाईचा झेंडू कशावर जगायचा? तिची पोरं काय खाणार?

आत्ता ती माझ्यासमोर हात जोडून बसली आहे. "देवा, हीर तेवढी माझ्याकडं राहू दे. तुझ्याबिगर मला कोन हाय?"

बाई, नारळ नको फोडूस. पहार आण आणि मला उपटून टाक.