पोटुशी पांढरी माशी आणि लग्नाचा तुरा

मी पांढरी माशी बोलतेय. मीठ सांडलंय असं समजून झटकू नका, तेवढीच आहे मी. माझा जन्म जावा बेटावरचा, वागियेमबाईंच्या मिरचीच्या वाफ्यात, पानाच्या खालच्या अंगाला. त्या मिरचीला पिवळा रोग आम्हीच लावला, हे कबूल. जेवताना थोडं खरकटं होतंच की.

आम्हा बहिणींत मी सगळ्यात थोराड. चिंगी अगदीच किरकोळ. दुसऱ्याच सकाळी ती म्हणाली, "ताई, चल, वर जाऊ. पोट हलकं आहे तोवरच."

"तू हो पुढे. माझ्या अंगात दम आहे, मी कधीही उडेन."

ती सरळ निळ्या आभाळात निघून गेली. मी पुन्हा पानाला तोंड लावलं.

इथंच मी अक्कल गहाण टाकली. चार दिवसांत पोटात अंडी भरली आणि माझी मजल शेजारच्या पानापर्यंत आली. आमच्यात नुसत्या अंगापिंडावर काही ठरत नाही, हे तेव्हा कळलं. आभाळाची ओढच संपली. डोळ्यांना फक्त पिवळं-हिरवं दिसायचं.

अशातच एका सकाळी वागियेमबाईंची नणंद सुप्रिहातिन बांधावर येऊन उभी राहिली. चार रस्त्यांच्या चौकापलीकडे तिची मिरचीची नवी रोपं होती.

"वहिनी, हे सगळं उपटून जाळ. नाहीतर उद्या वुरीच्या लग्नाला माझी वाट बघू नकोस."

"अगं, लेकीचं लग्न तोंडावर आलंय आणि मी शेत जाळत बसू?"

"लग्नाच्या भाताकडे मी बघते. तू जाळ."

वागियेमबाई रोपं उपटू लागल्या. मी फार घाबरले. माझं काय व्हायचं ते होवो, पण पोटातली लेकरं?

अंगणात बायका माडाच्या कोवळ्या पिवळ्या पात्यांचे लग्नाचे तुरे बांधत होत्या, त्यात हिरवी पानं खोचत होत्या. ते पिवळं दिसलं आणि मी झाडाझाडावर टेकत, धापा टाकत कशीबशी एका तुऱ्यात पोचले. मागे वाफा पेटला होता.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. वुरी लाजली, नवरा घामाघूम झाला, पाहुणे जेवून खुर्चीतच पेंगले. चटणीला मिरच्या मात्र विकत आणाव्या लागल्या. मग रीतीप्रमाणे तुरे चौकात टाकायची वेळ आली. जोडप्याची इडापिडा म्हणे तिथंच राहते.

"आणा इकडे, हा आत्याचा मान आहे," असं म्हणत सुप्रिहातिननं माझाच तुरा उचलला. ठसक्यात चालत गेली आणि चौकाच्या कडेला, आपल्याच बांधाला लागून, टाकून आली.

तिथून पहिलं रोप हातभर लांब होतं. तेवढं मला उडता येतं.

आता अंडी घालून झाली. पंख फाटलेत, फार दिवस उरले नाहीत. काल सुप्रिहातिन पान उलटून बघत म्हणाली, "वहिनीनं नीट जाळलंच नाही वाटतं."

वहिनीला बोल लावू नका हो. आणि पोरींनो, तुम्ही ऐका. पंख वाळले की आधी उडा, मग जेवा. दर वेळी आत्याबाई पोचवायला येणार नाहीत.