बाबांच्या गाडीतले रंग

गाड्यांच्या आत रंग बदलणारे दिवे बसवणं हा माझा धंदा. निम्मी गिऱ्हाइकं नुसती मिरवायला येतात, आणि नाकापेक्षा मोती जड झालेल्या त्यांच्या गाड्या बघून माझं डोकं फिरतं. म्हणून बाबांनी आपल्या जुन्या गाडीत तसे दिवे लाव म्हटल्यावर मी सरळ नाही म्हटलं.

पण त्यांचं कारण वेगळं होतं. गेल्या वर्षी आजारपणात बाबांचे कान गेले. गाडी चालवायला डॉक्टरांची हरकत नव्हती, आईची होती. लग्न झाल्यापासून ती शेजारी बसून "हळू", "समोर बघा", "अहो, वळा ना" असा तोंडाचा पट्टा चालवायची आणि बाबा वैतागून का होईना, ऐकायचे. आता ती ओरडून दमली. एकदा तिनं चिमटा काढला, तर दचकून त्यांनी गाडी फुटपाथवर चढवली. तेव्हापासून ती गाडीत बसेना, आणि तिच्याशिवाय बाबा किल्लीला हात लावेनात. दोघं दोन खोल्यांत गप्प बसून असायचे. मला ते बघवत नव्हतं.

बाबांची योजना सोपी होती. रिमोट आईच्या हातात. लाल म्हणजे हळू, निळा म्हणजे वळा, हिरवा म्हणजे ठीक चाललंय.

"एकदाच बसेन," आई मला म्हणाली. "जमलं नाही तर गाडी विकायची. सांग त्यांना."

मी डॅशबोर्डखालचं आवरण उचकटलं, फ्यूज बॉक्समधून वायर घेतली, जागा स्वच्छ पुसून दिव्यांची पट्टी आत चिकटवली. दिवा दिसू नये, नुसता उजेड दिसावा, यात माझा हात कुणी धरणार नाही.

संध्याकाळी निघालो. मी मागे. पुढे गतिरोधक दिसताच आईनं लाल दाबला. हिरवा सावकाश पिवळा झाला, पिवळा नारिंगी, आणि लाल होईपर्यंत आम्ही तिघं टपाला आपटून खाली आलो होतो.

"हा दिवा आहे की सरकारी कचेरी?" आई कडाडली. "अर्ज आज, उत्तर महिन्यानं!"

चूक माझी होती. रंग हळूहळू विरघळत बदललेला गिऱ्हाइकांना आवडतो, म्हणून सवयीनं मी तेच सेटिंग ठेवलं होतं. बाबांचा चेहरा पार उतरला. मी गाडी थांबवायला लावली आणि रंग झटकन बदलेल असं करून दिलं.

मग जमलं. लाल, निळा, पुन्हा लाल. बाबा "कळलं गं, कळलं" म्हणत होते आणि आईचा अंगठा काही थांबत नव्हता.

सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडीत एकदम जांभळा उजेड पडला. जांभळा तर ठरलाच नव्हता. बाबांनी घाईनं गाडी कडेला घेतली आणि तिच्या ओठांकडे बघत विचारलं, "काय झालं?"

आई सावकाश, एकेक अक्षर दिसेल असं म्हणाली, "काही नाही. उगीच."

वर्षभर ती त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलली होती. जेवा, औषध घ्या, दार लावा. उगीच बोलायचं ते ओरडून कोण बोलणार?

बाबांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

"दाब की परत," ते म्हणाले.