आर्वोसाठी तापवलेलं पाणी

मी एक जुना बाक आहे. लाकडाचा. मधली फळी कुजलीय, एक पाय गेलाय. वर छप्पर राहिलं नाही, त्यामुळे बर्फ थेट अंगावर पडतो. खालची कोळशाची खाण कधीच बंद पडली. वस्तीतल्या घरांच्या फळ्याही लोकांनी काढून नेल्या. इकडे कोणी फिरकत नाही, मित्रांनो. म्हणून तुम्ही भेटलात तर सगळं सांगूनच टाकतो.

मला यालमारीने बनवलं. तो फिनलंडहून वायोमिंगला आला, खाणीत कामाला लागला, आणि राहायला घर नसताना त्याने आधी सौना बांधला. आमच्या लोकांत असंच असतं. आधी वाफेची खोली, मग घर. दगडांची चूल त्याने स्वतः रचली. माझ्यासाठी डोंगरावरून असं लाकूड आणलं की कितीही वाफ झाली तरी बसणाऱ्याला चटका बसत नाही.

बायको साइमा मागाहून आली. सामान खाली ठेवून तिने इकडेतिकडे बघितलं.

"घर कुठंय?"

"हे काय."

"हा तर सौना आहे."

"मग? ऊब आहे, पाणी आहे, बसायला बाक आहे. राणीला अजून काय पाहिजे?"

"राणीला दार पाहिजे," साइमा म्हणाली. कारण तेव्हा दाराच्या जागी घोंगडी लटकत होती.

पहिला हिवाळा दोघांनी माझ्यावरच काढला. एका शनिवारी धूर बघून शेजारची इटालियन असुंता "आग! आग!" ओरडत बादली घेऊन आली, घोंगडी बाजूला केली, आणि आत यालमारी उघडानागडा बसलेला. बादली तिथंच टाकून पळाली बिचारी. मग दर शनिवारी वस्तीतले लोक तिला छेडायचे, "असुंताबाई, विझवायला जाताय ना?" ती म्हणायची, "जाते की! पण आज डोळे मिटून."

किती हसायचे सगळे. मला आठवतंय.

आर्वो माझ्यावर जन्मला. मार्ताही. बाळंतपण करायला काइसा आजी यायची. वस्तीत कोणी गेलं की त्याला शेवटची आंघोळ घालायलाही तीच यायची, आणि तीही इथंच, माझ्यावर. आमच्यात माणसाला आपल्या माणसांनी धुतल्याशिवाय मातीत घालत नाहीत. आजी बाही वर सारत म्हणायची, "येणाऱ्याला गरम पाणी, जाणाऱ्याला गरम पाणी. फरक एवढाच, जाणारा लाथा मारत नाही."

आणि एक नियम होता. सौनात भांडायचं नाही. आवाज चढवायचा नाही. चर्चमध्ये बसतो तसं बसायचं. हा नियम कोणी शिकवत नाही, तो अंगातच असतो.

आर्वो मोठा झाला आणि बापाचा जोडीदार म्हणून खाणीत उतरला. खाणीत दोघं दोघं काम करतात. बाप कोळसा फोडणार, पोरगा भरणार. काही वर्षं ठीक चाललं. पण माणसं आर्वोला नावाने हाकच मारेनात. "ए यालमारीच्या पोरा!" मिशी फुटली तरी तेच. शेवटी एक दिवस तो बापाला न विचारता दक्षिणेच्या बोगद्यात वेल्श माणसांच्या टोळीत गेला.

यालमारी भांडला नाही. त्याने बोलणंच बंद केलं. एका टेबलावर जेवायचे, मीठ मागायचं तर मार्ताकडून.

साइमा म्हणायची, "शनिवारी शेजारी शेजारी बसले की उतरेल राग. वाफ सगळं मऊ करते." मलाही तसंच वाटायचं.

त्या शनिवारी दोघं माझ्यावर बसले. यालमारीला त्या दिवशी खाणीत काहीतरी कळलं होतं. दक्षिणेच्या बोगद्यात दिव्याची ज्योत निळी होते, नाचते, म्हणजे आत स्फोटक वायू साठतोय. त्याला पोराला सांगायचं होतं, तिथं जाऊ नको. साइमाला त्याने येता येता सांगितलंही होतं, "आज बोलतो त्याच्याशी." साइमा किती खूश झाली होती.

यालमारीने घसा साफ केला. "तू त्या बोगद्यात..."

"बाबा, इथं नको," आर्वो हळूच म्हणाला. त्याला वाटलं, जुनंच भांडण निघतंय.

"मी भांडत नाहीये."

"मग पाणी टाका ना दगडांवर."

यालमारीने पाणी टाकलं. वाफ उठली. दोघं गप्प. नियम तो नियम. बाहेर गेल्यावर कॉफी पिताना तरी बोलायचं, तर तिथं यालमारीला पोराचा राग आला. त्याला वाटलं, मी तोंड उघडलं आणि हा मलाच गप्प करतो? रविवार तसाच गेला.

सोमवारी सकाळी डोंगर हलला. चुलीतला वरचा दगड घरंगळून खाली पडला.

यालमारी दुसऱ्या बोगद्यात होता, तो वर आला. दक्षिणेकडून कोणी आलं नाही. नुसता धूर येत होता.

साइमाने लगेच सौना तापवायला घेतला. रडली नाही. काइसा आजी धुवट चादर घेऊन येऊन बसली. असुंताही आली, बादल्या भरून ठेवू लागली. पोरगं जिवंत आलं तर काजळी धुवायला पाणी लागेल, आणि तसं नाही आलं तरी पाणी लागेलच. म्हणून साइमा चूल विझू देईना. लाकडं संपली तर तिने कुंपण तोडून घातलं. एक दिवस, दुसरा दिवस. आर्वो आला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी यालमारी आला. कपड्यांसकट माझ्यावर बसला. हाताला चुना लागला होता.

साइमाने चुना बघितला. "हे काय आहे?"

त्याने हात पाठीमागे घेतला.

"यालमारी, मी विचारतेय. काय बांधून आलास?"

मग त्याने सांगितलं. आग विझत नव्हती. वरून हुकूम आला, बोगद्याचं तोंड विटांनी बंद करा, हवा तुटली की आग मरेल. आत कोणी जिवंत नाही म्हणाले. मुकादमाने विचारलं, भिंत कोणाला येते? सगळ्यांनी यालमारीकडे बघितलं. वस्तीतली प्रत्येक चूल त्यानेच तर रचली होती.

"आणि तू सांगितलं नाहीस? माझा पोरगा आत आहे, हे सांगितलं नाहीस?"

"त्यांना माहीत होतं."

"तू सांगितलंस का?"

"कोणीतरी बांधलीच असती, साइमा. मग परक्याने कशाला?"

साइमा ओरडली. सौनात. इतक्या वर्षांत माझ्यासमोर कोणी रागाने ओरडलं नव्हतं. काइसा आजीने तोंडावर हात ठेवला. मग साइमाचा आवाज एकदम बारीक झाला.

"आतून काही ऐकू आलं का?"

यालमारी हाताचा चुना खरवडू लागला.

"टकटक येत होती," तो म्हणाला. "दगड तापला की वाजतो, साइमा. दगडच असेल."

त्याच वेळी आमची चूल रसरसली होती. तिच्यातले दगड टक, टक, टक वाजत होते. साइमाने बादली उचलली आणि सगळं पाणी चुलीत ओतलं. आर्वोसाठी तापवलेलं पाणी.

त्यानंतर तिने ती चूल कधी पेटवली नाही. यालमारी पुढे छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हा काइसा आजी काठी टेकत आली. म्हणाली, "पेटव गं. एवढं तरी कर त्याच्यासाठी." साइमा म्हणाली, "आजी, मला तो आवाज ऐकवत नाही." आणि तिने यालमारीला माझ्यावर निजवून थंड पाण्याने धुतलं. एकटीने. हाताच्या रेघांत चुना आहे असं म्हणत ती त्याचे तळवे घासत राहिली. चुना कधीच गेला होता. मी जवळून बघत होतो.

मार्ता लग्न करून समुद्राकडे गेली, आईला घेऊन. मला कोणी नेलं नाही. कशाला नेतील?

मित्रांनो, माझी डागडुजी करा असं मी म्हणणार नाही. माझं लाकूड संपलंय. पण तुमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नसतील, तर त्यांना तसं सोडू नका. ओढून बसवा, बोलायला लावा, भांडण झालं तर होऊ द्या. माझ्यावर ते दोघं खांद्याला खांदा लावून बसले होते, बापाला सगळं माहीत होतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

तुम्हाला येतं.