सरळ केलेला पियानो

तळ्याच्या मधोमध एक नाव. नावेत बसलेली बाई पाण्याने अर्ध्या भरलेल्या बादलीत माइक सोडून बादलीलाच दम देते आहे, "हलू नकोस म्हटलं ना."

ट्रेमध्ये चहाचे चार कप. एकावर बशी झाकलेली.

हातभर लांब लाल नमद्याची, जाड दाबलेल्या लोकरीची पट्टी. कुणीतरी तिची घडी घालून पिशवीत टाकतं.

"दादा, झाकण उघडंच ठेव. आल्या आल्या दिसायला हवं तिला."

एक सूर. स्वच्छ, धुतलेला, इस्त्री केलेला.

हे सगळं एकाच दुपारचं. एकमेकांत बसवून सांगायला हवं हे कळतंय. पण या गोष्टीतली बाई सध्या नीट बसवलेल्या प्रत्येक गोष्टीवर डाफरते आहे, तेव्हा जरा जपून सांगू.

नावेतली बाई ती. ऑफिसात तिला सगळे 'खरखर' म्हणायचे, कारण दिवसभर ती तेच काढत बसायची. जाहिरातीतल्या निवेदकाचा श्वास काढ, खुर्चीची कुरकुर काढ, मागच्या खोलीतला पंखा काढ. तिच्या हातून गेलेला आवाज असा गुळगुळीत व्हायचा की माणूस बोलतोय की साबण, हे कळू नये. या कामाचा तिला वीट आला होता. म्हणून बिनपगारी रजा टाकून तिने तळ्याकाठचं हे घर महिनाभरासाठी घेतलं. इथे एक अल्बम करायचा, जुन्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर. कॉम्प्युटर घरी ठेवून. जे काही वाजेल ते याच खोलीत किंवा याच पाण्यात वाजेल, आणि कशाचीही खरखर काढायची नाही.

घर निवडलं ते पियानोसाठी. कुणीतरी सोडून गेलेला, कित्येक वर्षांत हात न लागलेला. एका पट्टीमागे तीन तारा असतात. इथे तिन्ही तारा तीन दिशांना तोंड करून बसलेल्या, सख्ख्या जावांसारख्या. एक पट्टी दाबली की सूर उभा राहायचाच नाही, लहरत राहायचा, गरम हवेतून पलीकडचं दिसतं तसा. त्या लहरीवर खरखर वेडी झाली. पहिल्या ट्रॅकवर तिने सगळ्या तुकड्यांसाठी हा पियानो वाजवून घेतला. दुसऱ्यावर पाणी भरत होती. तिसऱ्यावर हाच पियानो पुन्हा, पहिल्याच्या अंगावर अंग टाकून वाजायचा होता. तोच अल्बमचा जीव. तेवढाच उरला होता.

त्या दुपारी नाव धक्क्याला लावताना तिला घरातून पियानो ऐकू आला. एकेक पट्टी चढत गेली, शाळेच्या रांगेतल्या पोरांसारखी. खरखर बादली तशीच टाकून धावली.

आत पियानो सुरात लावणारी बाई आपली हत्यारं आणि तारा दाबून धरायची ती लाल पट्टी पिशवीत भरत होती. शेजारी खरखरचा नवरा ट्रे घेऊन उभा, चेहऱ्यावर वाढदिवसाचा उजेड. नवरा दंतवैद्य, वाकडे दात सरळ करणं हा त्याचा धंदा. चार दिवस राहायला आलेली त्याची धाकटी बहीण सोफ्यावर, टाळ्यांच्या तयारीत.

"वहिनी, डोळे मीट आधी!"

खरखरने डोळे मिटले नाहीत. ओल्या हाताने तिने मधली पट्टी दाबली. सूर उभा राहिला. हलला नाही. तिने शेजारची दाबली, मग तिच्या शेजारची. सगळे सरळ.

"काय केलंस तू?"

"सरप्राइज," दंतवैद्य म्हणाला. "दोन तास लागले त्यांना. एवढं तू मन लावून करतेयस, आणि हे धूड असं बेसूर—"

"परत करा," ती पियानोवाल्या बाईला म्हणाली.

"काय परत करू?"

"होता तसा करून द्या."

बाईने पिशवीची चेन ओढली. "रोगी बरा झाल्यावर ताप परत द्यायचा का? तारा सैल करून देईन हवं तर. पण तसाच होणार नाही. ओल, ऊन, उंदीर, सगळ्यांनी मिळून इतकी वर्षं केलेलं काम ते. मी एकटी कुठे पुरी पडणार?" आणि झाकून ठेवलेला कप स्वतःचाच समजून तिने बशी काढली, उभ्या उभ्या चहा प्यायली आणि गेली. हिला कसलाच राग नव्हता. दुसरीकडे जायचं होतं, एवढंच.

मग जे झालं त्याला भांडण म्हणता येईल, पण भांडणात दोघं बोलतात.

"विचारायचं होतंस! तोंड होतं ना तुला? दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालतोस, स्वतःचं एकदा उघडायला काय झालं होतं?"

"सरप्राइज विचारून—"

"अर्धा अल्बम गेला माझा! पहिल्या ट्रॅकवर एक पियानो आहे आणि खोलीत दुसराच उभा केलायस. एकमेकांशी बोलणार पण नाहीत ते!"

"मग कॉम्प्युटरवर थोडे उतरवून घे ना सूर. तू तर एका मिनिटात करतेस."

खरखर हसली. ते हसू बघून नणंदेने सोफ्यावरचे पाय वर घेतले.

"एका मिनिटात करते. रोज करते. पोटासाठी करते. तेच करायला मी इथे आले का रे, डॉक्टर?" लग्नानंतर तिने त्याला पहिल्यांदाच डॉक्टर म्हटलं होतं. "तुला वाकडं दिसलं की हात शिवशिवतात. माझ्या पुढच्या दोन दातांत फट होती. त्यातून मी शीळ घालायची. गल्लीच्या टोकावरची रिक्षा थांबायची माझ्या शिळेने! तू बुजवलीस. लग्नाची भेट म्हणून. मी आरशात बघून थँक्यू म्हटलं, गाढवासारखं."

"पण दात छान दिसतात हं, वहिनी," नणंद म्हणाली.

"तू गप गं!" दोघं एकदम ओरडली. त्या दिवसात तेवढंच एक त्यांचं जुळलं.

दुसऱ्या दिवशी खरखरने नावेच्या पेटीतून पान्हा आणला आणि पियानोच्या खुंट्या स्वतः पिळायला घेतल्या. एक सैल केली. सूर ढासळला, पण लहरला नाही, नुसता मेल्यासारखा खाली बसला. दुसरी उलट्या बाजूला फिरवली. तार तुटली आणि मनगटावर लाल वळ उठवून गेली. दंतवैद्य औषधाची डबी घेऊन दारात आला. तिने पान्हा त्याच्याकडे असा धरला की तो डबी उंबऱ्यावर ठेवून मागच्या मागे गेला.

ती पहिल्या ट्रॅकची टेप लावून बसली. वाकडा पियानो वाजत होता. ती रागातच त्याच्याबरोबर गुणगुणायला लागली, आणि टेप बंद झाली तरी गुणगुणत राहिली. मग तिने खोलीतली पट्टी दाबली, सरळवाली. गळा तिकडे गेला नाही. गळा त्या जुन्या पियानोच्या जागी, किंचित खाली, हटून बसला होता. पट्टी वरून ढकलत होती, हा खालून. आणि दोघांच्या मध्ये हवा लहरायला लागली.

ती उठली आणि अंगणात गेली. दंतवैद्य बहिणीबरोबर खुर्च्या उन्हात ओढत होता.

"आत ये."

"राग गेला?"

"नाही. बस पियानोवर. मी खूण केली की ही पट्टी दाबायची, मग ही. दाबून धरायची. मी सांगेपर्यंत सोडायची नाही."

"मला वाजवता येत नाही."

"वाजवायचं नाहीच आहे. दाबायचं आहे."

माइक दोघांच्या मध्ये. तिसरा ट्रॅक. कानांवर हेडफोन, त्यात जुना पियानो. त्याने पट्टी दाबली, तिने गळा टाकला. दंतवैद्याच्या कपाळावर आठी आली. आयुष्यभर जे बघून त्याचे हात शिवशिवले ते आता त्याच्या कानाशी, हातभर अंतरावर उभं होतं, आणि हात तर पट्टीवर अडकलेले.

"तू किंचित खाली आहेस," तो हळूच म्हणाला.

खरखरने टेप थांबवली. मागे घेतली. त्याच्या आवाजावरून पुसत नेली.

"पुन्हा."

तो जबडा घट्ट मिटून बसला, खुर्चीत बसलेल्या आपल्याच पेशंटसारखा. ती गायली, म्हणजे ओरडली, म्हणजे एका जागी आवाज रोवून उभी राहिली. सरळ सूर तिला वर ओढत होता आणि ती जात नव्हती. मानेच्या शिरा ताठ झाल्या. एका तुकड्यात श्वास मध्येच तुटला. तो तिने ठेवला. एकात नणंद बाहेर शिंकली, तीही ठेवली.

"बोट दुखतंय," दोन तुकड्यांच्या मध्ये तो म्हणाला.

"दुखू दे."

"अगं, पण अजून किती?"

"सगळे. पहिल्यापासून."

"आणि मग? मग बोलशील माझ्याशी?"

तिने पुढच्या तुकड्याची कॅसेट घातली. "पट्टी दाब."

त्याने दाबली. तिने त्याच्याकडे बघतच सूर धरला, आधीपेक्षाही खाली, इतका खाली की पियानोची लाकडी पाठ गुरगुरायला लागली. दंतवैद्याने डोळे मिटून घेतले, पण बोट उचललं नाही.

घर बघायला दोघं आली होती, तेव्हा पियानोचं झाकण पहिल्यांदा त्यानेच उघडलं होतं, आणि ती लहर तिने पहिल्यांदा ऐकली ती त्याच्याच बोटाखालून.